पाटी, ठेवी आणि ठराव

गाझात युद्धबंदी करा, असा ठराव शिकागोच्या नगर परिषदेने ३१ जानेवारी २०२४ रोजी केला. नगरसेवकांची मते २३-२३ अशी पडली आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या निर्णायक मताने तो मंजूर झाला. अशा प्रत्येक वेळी आक्षेप ठरलेला असतो: नगरपालिकेने पाणी, गटारे, दिवाबत्ती पाहावी, परदेशातली युद्धे दिल्ली-वॉशिंग्टनवर सोडावीत. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही.

स्कॉटलंडमधील ग्लासगोने काय केले ते पाहा. तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांना १९८१ मध्ये या शहराने आपले मानद नागरिकत्व दिले. जगात असे करणारे ते पहिले शहर. पुढे ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाई दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांना कडाडून विरोध करत होत्या, तेव्हा, १९८६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा वाणिज्य दूतावास असलेल्या सेंट जॉर्जेस प्लेसचे नाव शहराने नेल्सन मंडेला प्लेस असे केले. वर्णद्वेषी सरकारच्या कचेरीचा पत्ता त्याच सरकारच्या कैद्याच्या नावाने झाला! रस्त्याला नाव देणे हा नगरपालिकेचा रोजचा अधिकार. तोच तिने वापरला. १९९३ मध्ये मंडेला स्वतः ग्लासगोला आले आणि तो सन्मान त्यांनी स्वीकारला.

कॅलिफोर्नियातील बर्कलेने तर त्याआधीच, १९७९ मध्ये, खिशाला हात घातला होता. दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या बँकांतून शहराचा पैसा काढून घ्या, असा कौल तिथल्या मतदारांनी दिला. मग इतर शहरेही त्या वाटेने गेली. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने निर्बंध लादले, तेव्हा त्यामागे शहरांनी काही वर्षे लावून धरलेला हा रेटा होता.

शिकागोचा ठराव इथे उणा पडतो. तो बंधनकारक नव्हता, आणि शहर स्वतः काय करणार हे त्यात नव्हते. सभागृहातल्या एकमेव ज्यू सदस्याने त्याला विरोध केला. शेजाऱ्याशेजाऱ्यांत एवढी कटुता येणार असेल, तर त्या बदल्यात पोळलेल्या माणसांच्या हाती काही तरी पडायला हवे. बोस्नियाच्या युद्धात होरपळलेल्या सारायेव्होला बार्सिलोनाने आपला अकरावा जिल्हा मानले (तिचे स्वतःचे दहाच) आणि पुनर्बांधणीसाठी पैसा व माणसे पाठवली. गाझातली घरे, शाळा, नळ पुन्हा उभे करायचे आहेत. त्यासाठी पाणीपुरवठ्याचे अभियंते आणि अंदाजपत्रकातली तरतूद लागते. शिकागोकडे दोन्ही आहेत.