गेकोचा घास आणि घरातले हात

मराठी घरात भिंतीवर पाल दिसली की आधी केरसुणी शोधली जाते. अमेरिका-युरोपात मात्र तिच्याच गोतातला लेपर्ड गेको काचेच्या पेटीत हौसेने पाळला जातो. वीतभर लांबीचा, ठिपकेदार अंगाचा हा शांत प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागांतला. तो पाला खात नाही. त्याला जिवंत किडेच लागतात. तिथे रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या दुकानात डब्यांतून मिळतात. डबा पेटीत उपडा केला की काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे.

रातकिड्याच्या शरीरात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम फारच थोडे असते. नुसत्या रातकिड्यांवर वाढलेल्या गेकोचे शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी हाडांतून ते काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, हाडे सहज मोडतात. लहान मुलांतला मुडदूस पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. उपाय अवघड नाही. किड्यांना आधी एक-दोन दिवस सकस खाद्य द्यावे आणि पेटीत सोडण्यापूर्वी त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवावी, कारण ते जास्त झाले तरी अपाय होतो. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नयेत. भुकेले किडे गेकोलाच चावतात. बागेतून पकडलेल्या किड्यांवर कीटकनाशक असू शकते. काजवे तर देऊच नयेत. काही जातींच्या काजव्यांचे विष सरपटणाऱ्या प्राण्यांचा जीव घेऊ शकते.

प्राण्याइतकीच काळजी माणसाचीही घ्यावी लागते. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ते विष्ठेतून पेटीत, पेटीतून हातांवर आणि हातांवरून तोंडात जातात. २०१५ मध्ये अमेरिकेत क्रेस्टेड गेकोंशी संबंधित साथीत १७ राज्यांतले २२ जण आजारी पडले होते. त्याच देशाने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, तीही मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. मोठ्या माणसाचे हे दुखणे बहुधा काही दिवसांच्या जुलाबांवर निभावते. तान्ह्या बाळात मात्र जिवाणू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. त्यासाठी बाळाने प्राण्याला हात लावावाच लागतो असे नाही. घरच्यांचे न धुतलेले हात पुरतात.

म्हणून नियम स्पष्ट हवेत. किडे दिल्यावर, पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नये. पाच वर्षांखालील मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण घरात असेल, तर हा छंद पुढे ढकलावा. ताप आणि जुलाब असलेल्या मुलाच्या पालकांनी घरात असा प्राणी असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे, आणि डॉक्टरांनीही ते विचारावे. दुकानदारानेही प्राण्यासोबत ही माहिती द्यायला हवी. मुलाचा हट्ट पुरवण्याआधी पालकांनी एवढे जाणून घेतले, तर गेकोही सुखरूप राहील आणि मूलही.