आरोग्याचे स्वराज्य कोणाच्या हाती?

पहाटे पाचच्या सुमारास बदलापूर स्थानकावर जो लोकसमुदाय उभा असतो, त्याच्याकडे पाहिले म्हणजे आरोग्यावरील बहुतेक उपदेश किती व्यर्थ आहेत हे ध्यानात येते. सूर्योदयापूर्वी उठा, असे ह्या लोकांस काय सांगावयाचे? ते उठतातच, दुर्दैव इतकेच की, ते गाडीसाठी उठतात. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जाण्यायेण्यात तीन-चार तास घालवून रात्री घरी परतणाऱ्या गृहस्थास तासभर व्यायामाचा दिनक्रम लिहून देणे सोपे आहे. त्याने तो पाळावा कसा? अंबरनाथच्या कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार आणि उल्हासनगरात दिवसभर गादीवर बसणारा दुकानदार यांची अडचण निराळी असली तरी लहान नाही.

म्हणून आरोग्य ही श्रीमंतांची चैन समजून सोडून द्यावयाचे काय? मुळीच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने देशात १० कोटींवर लोकांस मधुमेह असल्याचा आणि १३ कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे असल्याचा अंदाज दिला आहे. घरातील मिळवता मनुष्य पन्नाशीच्या आत अंथरुणास खिळला, तर त्या घराची काय दशा होते, हे सांगावयास पाहणीची गरज नाही. तेव्हा दिवस बदलता येत नसेल, तर आहे त्याच दिवसात आरोग्यास जागा करून दिली पाहिजे.

पहिली सवय चालण्याची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्यास आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. घर स्थानकापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर असेल, तर शेअर रिक्षा सोडून जातायेता भरभर चालल्यास पाच दिवसांत हा हिशेब बरोबर पुरा होतो, भाडेही वाचते. दुसरी सवय घरच्या अन्नाची. फलाटावरील वडापावाऐवजी डब्यात भाकरी, उसळ व पालेभाजी असावी. मीठ दिवसास ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी असावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे. तिसरी सवय झोपेची. निदान सात तास झोप हवी, आणि त्यासाठी मोबाइल उशापासून दूर ठेवावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा डबा भरण्यासाठी घरातील स्त्री पहाटे चार वाजता उठत असेल, तर ते आरोग्य नव्हे, एकाच्या प्रकृतीसाठी दुसऱ्याच्या झोपेची केलेली चोरी होय. रात्री भाजी निवडणे, कडधान्य भिजविणे, भांडी आवरणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी वाटून घ्यावीत. जी सुधारणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबते, तिला आम्ही सुधारणा म्हणत नाही.

तसेच 'नैसर्गिक' ह्या शब्दाने भुलून मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध परस्पर बंद करू नये. असे रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या झळकतात. डॉक्टरांस विचारल्यावाचून औषध सोडणे हे निसर्गोपचार नव्हे.

महात्माजींनी १९४२ साली आगाखान महालाच्या बंदिवासात आरोग्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली उरुळी कांचन येथे गरिबांसाठी निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. त्यांच्या दृष्टीने शरीराची निगा आणि गावाची स्वच्छता ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. आपल्याकडे काय आहे? आम्ही लोकांस चाला म्हणून सांगतो. पण चालावे कोठून? पदपथ दुकानांनी व वाहनांनी अडविलेला. अंबरनाथचे शके ९८२ मधील शिवालय ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तिच्या काठाने चालावे, तर नाकास रुमाल लावावा लागतो. ह्या नदीच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे हरित लवादापर्यंत गेले. निर्मळ पाणी व हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. नद्यांचे रक्षण हे नागरिकाचेही कर्तव्य घटनेत लिहिलेले आहे, हे आपणही विसरू नये.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. तिन्ही शहरांच्या कारभाऱ्यांनी प्रत्येक स्थानकापासून वस्तीपर्यंत एक अखंड, उजेडाचा, मोकळा पदपथ करून द्यावा. आणि आमच्या वाचकांनी त्याची वाट पाहत न बसता, जी वाट आज आहे तिच्यावरून उद्या सकाळी पायी निघावे. पायी चालणारे हजार झाले म्हणजे पदपथ मागावा लागत नाही. तो द्यावा लागतो.