एनसी म्हणजे केस नव्हे!

परवा कोर्टाच्या आवारात एक मावशी भेटल्या. कॅरीबॅगमधून घडी घातलेला कागद काढून म्हणाल्या, "दादा, केस टाकून चार महिने झाले, तारीखच लागंना."

कागद बघितला. एनसी होती. बांधावरून दिरानं शिवीगाळ केलेली.

मंडळी, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची फक्त नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही, आणि तो आदेश मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो. मावशींचं प्रकरण कोर्टाची पायरी चढलंच नव्हतं, तर तारीख कुठून लागणार? ठाण्यात हे कुणी सांगितलं नाही. "तक्रार घेतली, जा आता," एवढंच.

एफआयआर वेगळी. ती दखलपात्र गुन्ह्याची. त्यात पोलीस स्वतः तपास करतात, तक्रारदाराला प्रत फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावं नि कलमं बदलली, पण हा फरक तसाच आहे.

आम्ही पत्रकार तरी कुठे धड? एनसीलाही 'गुन्हा दाखल' असा मथळा ठोकतो. मीही ठोकलाय.

मावशी म्हणाल्या, वकील परवडत नाही. अहो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. तालुका विधी सेवा समितीची पाटी तर समोरच, वीस पावलांवर होती. दाखवली.

मावशी म्हणाल्या, "ती व्हय? मला वाटलं पूजेबिजेचं काही आसंल."