यात्रेत काम आवरेना. कर्ज हवे की जोडीदार?

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी यात्रा भरते. एरवी गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या हारवाल्याला, सलूनवाल्याला तेव्हा जेवायलाही उसंत नसते.

सरकार काय देते?
१७ सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. न्हावी, हार करणारे त्यात येतात. काचा किंवा पाण्याच्या टाक्या साफ करणारे येत नाहीत. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळते.

अडचण कुठे?
गर्दीत पैसा नव्हे, हात कमी पडतात. कर्जातून दुसरी खुर्ची येते, तिच्यामागे उभा राहणारा येत नाही. यात्रा उठते, हप्ता सुरूच राहतो.

मग काय करावे?
दिवसात किती काम होते ते आधी मोजावे. त्यापुढची ऑर्डर आगाऊ पैसे न घेता शेजारच्या कारागिराकडे पाठवावी. ‘नाही’ म्हटले तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती खरी आहे. पण दिलेला शब्द मोडला तर ते कायमचेच जाते. योजनेनेही हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्यावेत आणि मदतनिसाच्या मजुरीचा विचार करावा.