अठ्ठेचाळीस की सेहेचाळीस?

मानवी पेशीत गुणसूत्रे किती? आज परीक्षेत हा प्रश्न आला तर कोणीही क्षणात लिहील, ४६. परंतु १९२३ पासून १९५६ पर्यंत पाठ्यपुस्तकांत ४८ हाच आकडा छापला जात होता, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले जाणते शास्त्रज्ञही ४८च मोजत होते!

मोजणे सोपे नव्हते, हे खरे. एका पेशीतील सगळा डी.एन.ए. टोकास टोक जोडून ताणला तर सुमारे २ मीटर भरतो. हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून तो मिलिमीटरच्या काही सहस्रांश एवढ्या केंद्रकात बसवलेला असतो. पेशीविभाजनाच्या वेळी तो अधिक आवळला जातो, तेव्हा कुठे गुणसूत्रे दिसतात. तीही एकमेकांवर चढलेली. या गर्दीतून अमेरिकेतील पेंटर यांनी ४८ हा आकडा काढला. १९५२ मध्ये टी. सी. शू यांनी पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी केली. तरीही त्यांनी ४८च लिहिले! अखेर स्वीडनमध्ये त्यो आणि लेव्हान यांनी जे दिसले तेच मोजले, आणि १९५६ मध्ये ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. पुढे १९५९ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रे आढळली. मूळ आकडाच चुकीचा राहिला असता, तर एक गुणसूत्र जादा आहे हे कळले असते काय?

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून आपण काचपट्टी तयार करतो. कांद्याची गुणसूत्रे १६. जर्नलात सर्वांच्या आकृतीत ती १६ अगदी रांगेत उभी! ती काचपट्टीवरून आली की गेल्या वर्षीच्या जर्नलातून, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सूक्ष्मदर्शक थोडे आणि विद्यार्थी फार, ही प्राध्यापकांची अडचण मान्य. पण ज्याने "१४ दिसली, बाकीची एकमेकांखाली असावीत" असे प्रामाणिकपणे लिहिले, त्याचे गुण कापले जावेत आणि नकलेवर सही व्हावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

माझे म्हणणे एवढेच, की गुण पाहण्याला द्यावेत, सुबक आकृतीला नव्हे. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपणही दिसेल तेच काढण्याचे धैर्य दाखवू या. पुस्तकातला आकडा डोळ्यांत घेऊन पाहणाऱ्याला ३३ वर्षे ४८च दिसत राहिले, हे विसरू नये.