देणगी, पावती आणि लायसन्स

देणगी देताना आपण मंडळी दोन गोष्टी हमखास बघतो. एक, पावती मिळते का. दोन, पावतीवर ८०जी आहे का :) त्यात गैर काही नाही, मीही बघतो. पण गेले दोन-तीन वीकेंड मी अमेरिकेतल्या एका संस्थेचा इतिहास वाचतोय आणि आता वाटायला लागलंय की वैद्यकीय संशोधनासाठी पैसे देत असू तर आणखी एक गोष्ट विचारायला हवी. या पैशातून उद्या औषध निघालं, तर ते कोण, कुठे आणि कुठल्या अटींवर विकणार?

प्रश्न आगाऊ वाटेल. पण जरा ऐका.

संस्थेचं नाव सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन. सिस्टिक फायब्रोसिस (यापुढे नुसतं सीएफ म्हणतो) हा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच होतो, त्यामुळे आई-वडील स्वतः ठणठणीत असतात आणि त्यांना आधी काहीच कल्पना नसते. शरीरात मीठ-पाण्याची ये-जा सांभाळणारं एक प्रथिन नीट चालत नाही. मग फुफ्फुसात चिकट घट्ट कफ साचतो, सारखी इन्फेक्शन्स होतात, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. आणि घाम नेहमीपेक्षा खारट असतो. आजही निदानाची मुख्य चाचणी घामातलं मीठ मोजण्याचीच आहे.

अमेरिकेत या आजाराचे साधारण ४० हजार रुग्ण आहेत, जगात एक लाखाच्या वर. म्हणजे औषध कंपन्यांच्या हिशोबात किरकोळ गिऱ्हाईक.

१९५५ साली काही पालकांनी एकत्र येऊन ही संस्था काढली. त्या काळी सीएफ असलेलं मूल शाळेत जायच्या वयाचं होईल याचीही खात्री नसायची. संस्थेने सुरुवातीला जे काम केलं ते माझ्यासारख्या डेटाबेसवाल्याला फार भावतं. १९६४ मध्ये त्यांनी मिनेसोटाचे डॉक्टर वॉरन वॉरविक यांना १० हजार डॉलर दिले आणि सांगितलं, देशातल्या ३१ केंद्रांमधल्या प्रत्येक रुग्णाची माहिती गोळा करा. कारण क्लीव्हलंडचे एक डॉक्टर, लेरॉय मॅथ्यूज, म्हणत होते की आमच्याकडची मुलं इतरांपेक्षा खूप जास्त जगतात, आणि बाकीच्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. आकडे आले. मॅथ्यूज खरं बोलत होते! मग त्यांची पद्धत सगळ्यांनी उचलली आणि मुलं जास्त जगायला लागली. नवीन औषध नाही, मशीन नाही. नुसती नोंद ठेवली आणि तुलना केली.

ही गोष्ट अतुल गवांदे यांनी २००४ मध्ये 'न्यू यॉर्कर'मधल्या एका लेखात सविस्तर सांगितली आहे (गवांदे म्हणजे आपले यवतमाळ जिल्ह्याकडचे, त्यांचे वडील तिथून अमेरिकेत गेले). पुढे संस्थेने कुठल्या केंद्राचा निकाल कसा आहे हे आकडे सरळ लोकांसमोर ठेवले. विचार करा, आपल्याकडे एखादं हॉस्पिटल स्वतःचा नंबर कितवा लागतो ते भिंतीवर लावेल का?

असो. मुद्दा औषधाचा आहे.

१९८९ मध्ये सीएफचं जनुक सापडलं. टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिऑर्डन, मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स. या शोधालाही फाउंडेशनचे पैसे होते. सर्वात कॉमन बग निघाला तो असा: डीएनएमधली फक्त तीन अक्षरं गायब. त्यामुळे १४८० मण्यांच्या माळेतला ५०८ वा मणी गळतो, प्रथिनाची घडी चुकते, आणि पेशीचं स्वतःचं क्यूए खातं ते रिजेक्ट करून मोडीत काढतं. गंमत म्हणजे हे प्रथिन कसंबसं योग्य जागी पोचवलं तर ते थोडंफार काम करतं! म्हणजे घडी नीट बसवायला मदत करणारं आणि दार उघडं धरणारं औषध सापडलं पाहिजे, एवढंच.

एवढंच म्हणायला सोपं. जनुक सापडून आठ-नऊ वर्षं झाली तरी कुठलीही मोठी कंपनी हात लावायला तयार नव्हती. तेव्हा फाउंडेशनचे प्रमुख बॉब बील यांनी जे केलं ते त्या काळात कुठलीही धर्मादाय संस्था करत नव्हती. कंपनी येत नाही ना, मग आपणच कंपनीला पैसे देऊ. सॅन दिएगोच्या ऑरोरा बायोसायन्सेस नावाच्या छोट्या कंपनीशी करार केला. २००१ मध्ये ती कंपनी व्हर्टेक्सने विकत घेतली, तरी फाउंडेशनने पैसे देणं चालू ठेवलं. एकूण साधारण १५ कोटी डॉलर. हे पैसे कुठून आले? पालकांनी भरवलेल्या चालण्याच्या शर्यती, जेवणावळी, वर्गण्या. थोडक्यात आपल्याकडच्या गणपतीच्या वर्गणीसारखंच, फक्त ध्येय वेगळं.

आणि हा जुगार लागला! जानेवारी २०१२ मध्ये कालीडेको या औषधाला मान्यता मिळाली, ते सुमारे ४ टक्के रुग्णांना लागू पडायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन औषधं एकत्र केलेलं ट्रायकाफ्टा आलं, ते जवळजवळ ९० टक्के रुग्णांच्या उपयोगी. फुफ्फुस बदलायच्या रांगेत असलेले लोक रांगेतून बाहेर आले, नोकऱ्या करायला लागले, संसार मांडायला लागले. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या सीएफच्या मुलाचं अपेक्षित आयुष्य साठीच्या घरात आहे. १९५५ च्या त्या पालकांना हे सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

इथपर्यंत टाळ्या. मीही मनापासून वाजवतो. आता बिल बघू.

कालीडेको आलं तेव्हा त्याची किंमत होती वर्षाला २ लाख ९४ हजार डॉलर. ट्रायकाफ्टाची ३ लाख ११ हजार. रुपयात वर्षाला अडीच कोटींच्या वर. आणि घ्यायचं किती दिवस? आयुष्यभर. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच औषध जेनेरिक म्हणून बनवलं तर किती पडेल याचा अंदाज काढला होता. उत्तर आलं वर्षाला सुमारे ५७०० डॉलर.

फाउंडेशनने करारात रॉयल्टी ठेवली होती. २०१४ मध्ये ती रॉयल्टी त्यांनी ३३० कोटी डॉलरला विकली. पंधरा कोटींचे तीनशे तीस! ते पैसे त्यांनी घरी नेले नाहीत हे आधीच सांगतो. उरलेल्या १० टक्के रुग्णांसाठीचं संशोधन आणि रुग्णांची देखभाल यांतच ते लागतायत. इन्शुरन्सच्या भानगडीत रुग्णांना मदत करायला त्यांची वेगळी माणसं आहेत. संस्थेच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही.

पण करारात परताव्याची अट होती, तशी किमतीची आणि पोचण्याची अट असायला हवी होती की नाही? माझ्या मते हवी होती. आणि ती घालायची वेळ एकच होती, जेव्हा कंपनीला पैशाची गरज होती तेव्हा. औषध चाललं, पेटंट हातात आलं, की मग विनंत्या करायच्या, मोर्चे काढायचे, कोर्टात जायचं.

आणि तसंच झालं. इंग्लंडमध्ये याच कंपनीच्या ऑर्कांबी या औषधाच्या किमतीवरून सरकारी आरोग्यसेवा आणि कंपनी यांची घासाघीस चार वर्षं चालली, ऑक्टोबर २०१९ मध्ये एकदाचा करार झाला. तोवर पालकांनी वैतागून 'बायर्स क्लब' काढला आणि अर्जेंटिनात बनणारं जेनेरिक मागवायची खटपट केली. ही श्रीमंत देशाची कथा. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका, ब्राझील, युक्रेन आणि भारत इथल्या रुग्णांच्या घरच्यांनी एकाच वेळी मागणी केली की पेटंटचा अडसर दूर करा, आमच्याकडे जेनेरिक बनू द्या. तेव्हा भारतात हे औषध कंपनीने विकायलाच आणलेलं नव्हतं. महाग विकतात ही तक्रार वेगळी, इथे दुकानच उघडलेलं नाही. आपल्याकडे सीएफ होतच नाही असा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. तो चुकीचा आहे, दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी या मुलांवर कित्येक वर्षं उपचार चालू आहेत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सीएफचं जनुक सापडलं त्याच वर्षी, १९८९ मध्ये, रिचर्ड स्टॉलमनने जीपीएल लायसन्सची पहिली आवृत्ती काढली. त्यातली आयडिया साधी आहे. माझा कोड घ्या, वापरा, विका, त्यावर पैसेही कमवा. पण तो पुढे देताना मी तुम्हाला दिलेलं स्वातंत्र्य तुम्हीही द्यायचं. अट कोडसोबतच प्रवास करते. आज ज्या लिनक्सवर अर्धं जग चालतं, ते याच अटीखाली आहे, आणि त्यावर धंदा करणाऱ्या कंपन्या काही उपाशी मेल्या नाहीत.

देणगीच्या पैशाला अशी अट का नसावी? पैसे सोडताना आपण ते जणू पब्लिक डोमेनमध्ये टाकतो. कुणीही उचला, वर कुलूप लावा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे रे, पण अटी घातल्या असत्या तर कंपनी आली असती का? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. औषध बनवणं म्हणजे कोड लिहिणं नव्हे. त्याला वर्षानुवर्षं लागतात, प्रचंड पैसा लागतो आणि बहुतेक प्रयत्न फसतात. १९९८ मध्ये बील यांनी "किंमत आम्ही ठरवणार" असं म्हटलं असतं तर समोरचा माणूस चहा पिऊन निघून गेला असता. महाग औषध आणि औषधच नाही यातून एक निवडायचं तर कुठलाही बाप महाग औषधच निवडेल.

पण मी किंमत ठरवायला सांगतच नाहीये. माझी मागणी अगदी कंजूष आहे. अमेरिकेत, युरोपात हवी ती किंमत लावा. फक्त एवढं कलम घाला: ज्या देशात मान्यतेनंतर ठरावीक वर्षांत तुम्ही औषध आणलं नाहीत, त्या देशात दुसऱ्याला बनवायची मुभा. जिथे तुम्ही विकतच नाही तिथे तुमचं नुकसान काय होणार? अशा अटींवर कोणी सही करत नाही असंही नाही. गेट्स फाउंडेशन संशोधनाला पैसे देताना 'ग्लोबल ॲक्सेस'ची अट घालतं, म्हणजे निघालेली वस्तू गरीब देशांत परवडेल अशा भावात पोचली पाहिजे. लोक सह्या करतात, कारण पैसे पाहिजे असतात.

अट नसेल तर काय होतं ते आपण अलीकडेच आपल्या दारात पाहिलं, दुसऱ्या एका आजाराच्या बाबतीत. एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी व्हॉट्सॲपवर फिरणारी आवाहनं तुम्हाला आठवत असतील, तोच आजार. त्याच्यावर रिस्डिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे. त्याच्याही मुळाशी धर्मादाय संस्थाच आहे, दिनकर सिंग आणि लोरेन एंग या जोडप्याने २००३ मध्ये न्यूयॉर्कला काढलेली एसएमए फाउंडेशन. या संस्थेने पीटीसी नावाच्या कंपनीबरोबर काम सुरू केलं, २०११ मध्ये रोश आली, २०२० मध्ये औषध बाजारात आलं. भारतात एका बाटलीची किंमत होती सुमारे सहा लाख. मग हैदराबादच्या नॅटकोने जेनेरिक बनवायचं ठरवलं, रोश कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटकोला रोखायला नकार दिला, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तेच केलं, सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. नॅटकोची बाटली आली १५,९०० रुपयांना.

सहा लाख आणि सोळा हजार. मधल्या काळात ज्यांच्या घरात हे मूल होतं त्यांनी काय केलं असेल? सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आहे, २०२२ पासून त्यात ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईचं केईएम हे त्याचं एक केंद्रही आहे. पण आयुष्यभराच्या औषधाला एकदाचे ५० लाख किती पुरणार? हिशोब करा. आणि प्रत्येक औषधासाठी कोर्टात भांडून निकालाची वाट बघणं ही काही सिस्टीम नव्हे, तो प्रॉडक्शनवर मारलेला पॅच आहे. डिझाइनमध्येच ही सोय हवी.

आपल्याकडे अशा संस्था आता उभ्या राहतायत. बंगलोरची ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीझेस इंडिया दरवर्षी 'रेसफॉरसेव्हन' ही दौड भरवते, ज्ञात दुर्मिळ आजार सात हजार आहेत म्हणून हे नाव. आपल्यासारखे आयटीवाले पळतात, टीशर्ट मिळतो, फोटो टाकतो. चांगलंच आहे, पळा. परदेशात असलेले आपले मित्र तिथल्या मोठ्या संस्थांना देतात, कंपनी तेवढेच वरून घालते. तेही द्या. रुग्णांची देखभाल, नोंदवही, समुपदेशन यासाठी देत असाल तर कुठलाही प्रश्न न विचारता द्या, त्याची गरज फार मोठी आहे.

पण पैसे औषधाच्या संशोधनासाठी असतील तर पावतीसोबत एक ओळीचा ईमेल पाठवा. "तुमच्या संशोधन करारात, औषध न पोचलेल्या देशांसाठी काही कलम आहे का?" एकट्याने विचारलं तर उत्तर येणार नाही. हजार देणगीदारांनी विचारलं तर संस्थेच्या पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय येईल, आणि पुढच्या वेळी वकील करार लिहायला बसेल तेव्हा कदाचित एक कलम वाढेल. तेवढ्या एका कलमाने कोर्टातली पाच-सात वर्षं वाचू शकतात, आणि या आजारांत पाच-सात वर्षं म्हणजे काय ते त्या घरातल्यांना विचारा.

कुणाकडून ठरलेलं उत्तर आलं तर मला जरूर कळवा. मी दोन संस्थांना कालच विचारलंय, बघू काय म्हणतात ते.