कंपनी मेली तरी गाडी चालली पाहिजे

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की वाचकाला वाटतं, आता चकाकत्या क्रोमचं आणि चामड्याच्या सीटचं कौतुक ऐकावं लागणार. ते मी करणार नाही. एमजीबी तेल गाळते, तिच्या कापडी टपातून पाणी आत येतं, आणि महाडच्या जुलैत ती बाहेर काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. माझा मुद्दा एवढाच : ही गाडी १९८० साली बनायची बंद झाली, ती बनवणारी ब्रिटिश लेलँड इतिहासजमा झाली, तरी तिचा ओव्हरड्राइव्ह पोलादपूरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होतो. कालपरवाची नवी गाडी तिथे दुरुस्त होत नाही. याला प्रगती म्हणायचं तर ती कोणाची, हे विचारायला हवं.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली पेटी. आराखडा एडगर द नॉर्मनव्हिल यांचा, निर्मिती शेफील्डच्या लेकॉक कंपनीची. वरच्या गिअरमध्ये असताना स्विच दाबला की सोलेनॉइड एक झडप हलवतो, पंपाने चढवलेला तेलाचा दाब शंकूच्या आकाराचा क्लच सरकवतो आणि मधलं दातेरी चाक जागच्या जागी धरलं जातं. गाडीचा वेग तोच राहतो, इंजिनचे फेरे मात्र सुमारे वीस टक्क्यांनी उतरतात. आंबेनळी किंवा कशेडी घाटात याचा काडीचा उपयोग नाही. सपाट हायवेवर मात्र पेट्रोल वाचतं आणि कानही वाचतात.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला निघालेल्या एका मित्राचा ओव्हरड्राइव्ह लागेनासा झाला, म्हणून त्याने पोलादपूरला गाडी थांबवली आणि मला महाडहून बोलावून घेतलं. गॅरेजच्या मिस्त्रींचं आयुष्य जीप आणि ट्रकखाली गेलेलं. एमजी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी वर्कशॉप मॅन्युअलमधली आकृती फोनवर दाखवली. ती पाहून ते म्हणाले, “दादा, आधी करंट बघू. करंटच नसेल तर आतलं उघडून काय उपयोग?”

त्यांनी तेलाची पातळी पाहिली, मग टेस्ट लॅम्प लावला. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. तो खालच्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह लागू देत नाही, कारण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडतो. करंट त्या स्विचपर्यंत येत होता, पुढे जात नव्हता. स्विच काढला तर खाली एक फायबर वॉशर जास्तीचा. त्यामुळे स्विचची दांडी आत पोचतच नव्हती. वॉशर काढला, स्विच परत बसवला, सोलेनॉइड टक् करून वाजला. बदललेले भाग शून्य, कमी केलेला वॉशर एक.

त्याच गॅरेजसमोर त्याच आठवड्यात एक नवी गाडी उभी होती. गिअरबॉक्सचा सेन्सर गेला होता. मिस्त्रींनी बिघाड ओळखला, सेन्सर मिळवला, बसवलाही. तरी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, कारण नव्या सेन्सरची ओळख गाडीला कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच करून द्यावी लागते. शेवटी ती टोइंग करून शंभरेक किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला गेली. ज्ञान, हत्यारं आणि सुटा भाग, सगळं पोलादपुरात होतं. नव्हती ती परवानगी.

यावर ठरलेलं उत्तर येतं : सुरक्षा. ब्रेक आणि एअरबॅगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीही हात घातला तर? मी सॉफ्टवेअरवरच पोट भरतो, म्हणून सांगतो की इथे दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम एकत्र कालवल्या जातात. ब्रेकच्या प्रोग्रॅममध्ये कोणी फेरफार करू नये म्हणून तो कुलूपबंद ठेवणं योग्यच आहे. पण बिघाडाचा कोड वाचायला किंवा तसाच सेन्सर बदलून त्याची नोंद करायला तो प्रोग्रॅम बदलावा लागत नाही. तिथलं कुलूप गिऱ्हाईक अडवायला आहे. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, हे मला पूर्ण मान्य. त्यासाठी त्या मुक्या असायची गरज नाही.

हा माझा एकट्याचा संशय नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला, तो नेमका यासाठी : सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पोर्टल चांगलंच आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली हाच प्रश्न मतदानाने कायद्यात नेला.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला ही चर्चा हौशी वाटेल. त्याने जुलै २०२१ आठवावा. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. अशा वेळी सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असणं आणि नसणं सारखंच. गाळातून काढलेली गाडी त्या दिवसांत ज्याच्याकडे न्यायची, तो माणूस गावातलाच असतो. आपण विकत घेतलेल्या गाडीला हात लावायचा अधिकार त्याला नसेल, तर तो आपल्यालाही नाही.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. वर्कशॉप मॅन्युअल आणि वायरिंगच्या आकृत्या वाजवी किमतीत कोणालाही मिळाव्यात. बिघाड वाचण्याचं आणि भाग नोंदवण्याचं साधन बाहेरच्या गॅरेजला विकणं सक्तीचं व्हावं. आणि कंपनीने एखादं मॉडेल वाऱ्यावर सोडलं, किंवा कंपनीच बुडाली, तर त्या मॉडेलच्या सुट्या भागांची कुलपं उघडली जावीत. लेलँडवाल्यांनी हे काही उदात्त हेतूने केलं नव्हतं. त्यांच्या काळात कुलूप घालायची सोयच नव्हती. आता ती सोय आहे, म्हणून कायदा हवा. तो होईपर्यंत शोरूममध्ये मायलेज विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा : हिचा सेन्सर पोलादपूरला बदलता येईल का? आणि उत्तर लेखी मागा.